लालगाल्यांची पाठवणी

कासिमालीच्या बायकोच्या तोंडून बत्तीस वर्षांत एक शब्द कधी निघाला नव्हता, आणि नेमका त्याच शब्दावाचून त्या घराचं पान हलत नव्हतं. कासिमालीच्या वडिलांचं नाव अल्माबेक. आमच्या भाषेत अल्मा म्हणजे सफरचंद. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्या नावात दडलेला शब्दही उच्चारायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. दुसऱ्या घरात ते निभावून गेलं असतं. पण काराकोल शहराच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, कासिमालीची एकशेचाळीस झाडांची बाग होती, आणि एकूण एक झाड सफरचंदाचं.

बुरमाकान नवी नवरी होऊन आली तेव्हा आठवडाभर तिनं नुसतं बोट दाखवून काम भागवलं. मग तिची जीभ सुटली. सफरचंदं झाडावर कच्ची असताना ती त्यांना हिरव्या हट्टी म्हणायची, पिकली की नटव्या, तळघरात गवतावर मांडून ठेवली की झोपाळू, आणि मुरंब्याच्या पातेल्यात पडली की न्हायला बसलेल्या. गारपिटीत मार खाल्लेल्यांना ती देवी आलेल्या म्हणायची. म्हातारा अल्माबेक अंगणात फळीवर बसून हे ऐकायचा आणि दाढीत हसायचा. रोज सकाळी तो विचारायचा, "सूनबाई, आज काय नाव ठेवलंस मला?" ती डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून घेऊन आत पळायची, पण संध्याकाळपर्यंत एखादं नवं नाव तयार असायचं.

कासिमालीनं त्याचा खेळ केला. तिच्या तोंडून तो शब्द काढायचाच म्हणून त्यानं काय काय युक्त्या केल्या. बाजारातून आणलेल्या खोक्यावरचं वाच म्हणाला, तर तिनं चष्मा हरवला. डोंगरापलीकडच्या कझाकांच्या मोठ्या शहराचं नाव काय गं, असं एकदा भर पंगतीत विचारलं. त्या शहराच्या नावातच अल्मा आहे. बुरमाकान शांतपणे म्हणाली, "तेच की, तुमच्या चुलतभावानं बूट विकत घेतले आणि दोन्ही डाव्या पायाचे निघाले, ते शहर." पंगत हसून लोळली आणि कासिमालीच्या चुलतभावाची मान खाली गेली.

या खेळाची दुसरी बाजू अशी, की ती काय म्हणाली ते कासिमालीला नेहमी कळायचं. शेजारणी गोंधळायच्या, मजूर डोकं खाजवायचे, खुद्द पोटची पोरगी पेरिझात लहानपणी "बाबा, आई काय आणायला सांगतेय?" म्हणून त्याच्याकडे धावायची. कासिमाली न थांबता सांगायचा. म्हातारा गेला त्याला एकोणीस वर्षं झाली, बुरमाकानचे केस पिकले, पण नवीन नावं येत राहिली आणि कासिमालीचा अंदाज चुकला नाही. चारचौघांत बसला की तो म्हणायचा, बायकोनं अर्धं वाक्य बोलावं आणि उरलेलं मी बोलावं, असं आमचं आहे. त्याचा हा दिमाख गावाला ठाऊक होता, आणि खरं सांगायचं तर पटलेलाही होता.

मग ती नोव्हेंबरातली सुट्टी आली. पेरिझात आणि तिचा नवरा कामासाठी राजधानीत राहत होते आणि त्यांच्या दोन मुली, सात वर्षांची कुंदुझ आणि पाच वर्षांची मेरिम, तूप नावाच्या गावी, सरोवराच्या काठी, दुसऱ्या आजीकडे वाढत होत्या. ही दुसरी आजी म्हणजे कासिमालीची विहीण, सोनुनबुबू. सदतीस वर्षं तिनं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली होती. अर्ध्या तूपच्या हातावर तिची पट्टी बसलेली होती. नवरा गेल्यापासून घर एकटीनं चालवत होती, आणि नातींच्या शिस्तीबद्दल कुणी वावगं बोललेलं तिला खपत नसे.

शाळेला आठवडाभर सुट्टी लागली तशी तिनं मुलींना कासिमालीकडे पाठवलं. शनिवारी त्या आल्या. थंड वाऱ्यानं दोघींचे गाल असे लाल झाले होते की बुरमाकाननं दारातच त्यांना कवेत घेतलं आणि "माझ्या लालगाल्या आल्या" म्हणून मुके घेत सुटली. दोन दिवस घरात दुसरं नाव ऐकू आलं नाही. लालगाल्यांना साय द्या, लालगाल्यांचे मोजे चुलीजवळ ठेवा.

सोमवारी बुरमाकानला नारीनकडे माहेरी जावं लागलं. भावाच्या नातवाला पाळण्यात घालायचा समारंभ होता आणि आत्याबाई म्हणून तिच्यावाचून तो अडला असता. मुलींना न्यायचा विचार होता, पण कुंदुझचं नाक वाहू लागलं होतं. बुधवारी येते म्हणून तिनं मुलींना आजोबांच्या हवाली केलं, शेजारणीला दोन वेळचं जेवण सांगितलं आणि ती गाडीत बसली.

मंगळवारी सकाळी कासिमाली मुलींना गरम दूध देत असताना फोन वाजला. बुरमाकान डोलोनच्या खिंडीत होती. माहेरची सगळी मंडळी वर कुठल्या तरी नातेवाइकाकडे निघाली होती. वारा एवढा होता की फोनमध्ये घोंगडी झटकल्यासारखा आवाज येत होता आणि तिचं बोलणं तुकड्यातुकड्यानं पोचत होतं. कासिमालीनं मोकळ्या कानात बोट घातलं.

"ऐकताय ना? मी सांगायचंच विसरले. लालगाल्यांना आजच्या आज विहीणबाईंकडे पोचवा. त्या वाट बघत असतील. ठेवून ठेवून बिघडायला लागल्यात. एकीला लागलं की शेजारचीला लागतंच."

कासिमालीनं मागं वळून पाहिलं. कुंदुझ बाहीला नाक पुसत होती. मेरिमला त्याच क्षणी शिंक आली.

"लागलंय खरं," तो म्हणाला.

"मग उशीर नका करू. स्वच्छ पुसून न्या, चकाकल्या पाहिजेत. खाली काहीतरी मऊ घाला, रस्ता वाईट आहे, आपटतील. आणि डाग पडलेलं काही नेऊ नका हं, ते आपल्याकडेच राहू दे."

त्यानं विचारलं, किती दिवसांसाठी. पण तोवर फोनमध्ये नुसता वारा उरला होता, आणि मग तोही गेला.

कासिमालीला वाईट वाटलं. सुट्टीचे अजून पाच दिवस होते. पण बुरमाकानचं म्हणणं त्याला पटलं. दोघी आजारी पडल्या, घरात बाईमाणूस नाही, आणि विहीणबाई औषधपाण्यात हुशार. ठेवून ठेवून बिघडायला लागल्यात हेही त्याला खोटं वाटलं नाही. त्या सकाळी दोघींनी दुधाबरोबर मिठाई मागितली होती आणि त्यानं ती दिली होती. आपली बायको इतक्या लांबून, वाऱ्यातूनही घरातलं सगळं बरोबर ओळखते, याचं त्याला कौतुकच वाटलं.

तो कामाला लागला. पाणी कोमट करून त्यानं दोघींची तोंडं धुतली, मग ओल्या फडक्यानं पुसली, मग चकाकल्या पाहिजेत हे आठवून कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसली. मेरिम म्हणाली, आजोबा दुखतंय. डाग पडलेलं काही न्यायचं नव्हतं म्हणून त्यानं मुलींच्या पिशव्या उपसल्या आणि चेरीच्या मुरंब्याचे डाग पडलेले दोन झगे, एक स्वेटर आणि कुंदुझची शाळेची वही बाजूला काढून ठेवली. वहीवर शाई सांडली होती. गाडीच्या मागच्या बाकावर त्यानं दुहेरी गादी घातली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. तळघराच्या दारावरून तो चार वेळा गेला. आत भिंतीशी दोन पेट्या बुरमाकाननं वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

तूपला सोनुनबुबू फाटकातच उभी होती. कासिमालीची गाडी लांबून दिसल्यावर ती फडक्याला हात पुसत बाहेर आली होती. गाडी थांबली, मुली उतरल्या, आणि ती त्यांच्या डोक्यावरून गाडीत डोकावून पाहू लागली. मागं गादी होती, उशा होत्या, आणखी काही नव्हतं. कासिमालीला वाटलं, ती पिशव्या शोधतेय. त्यानं पिशव्या हातात दिल्या.

"मुली का आणल्यात?" तिनं विचारलं. "रविवारी यायच्या होत्या ना?"

आता निरोप द्यायचा तर जसाच्या तसा द्यावा, अशी कासिमालीची समजूत होती. बुरमाकानच्या शब्दाला आपला शब्द जोडणं त्याला कधीच आवडलं नव्हतं.

"आमच्या घरातलीचा फोन होता," तो म्हणाला. "म्हणाली, आजच्या आज पोचवा. ठेवून ठेवून बिघडायला लागल्यात."

सोनुनबुबूनं मुलींना आत पाठवलं.

"कोण बिघडायला लागल्यात?"

"ह्याच दोघी. एकीला लागलं की शेजारचीला लागतंच, असंही म्हणाली. मी म्हटलं, खरं आहे. बघा, पुसून आणल्यात."

ती एवढंच म्हणाली की चहा घेऊन जा. कासिमाली आत जाऊन बसला. तिनं चहा ओतला आणि वाटी त्याच्या पुढे ठेवली. वाटी काठोकाठ भरलेली होती. आमच्याकडे पाहुण्याला अर्धी वाटी चहा देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो आणि पाहुणा बसतो. काठोकाठ वाटीचा अर्थ, हा प्या आणि निघा. कासिमाली त्या वाटीकडे पाहत राहिला. त्याला वाटलं, मास्तरणीचा हात हलला असेल. पण सदतीस वर्षं फळ्यावर सरळ रेघ ओढलेला हात असा हलत नाही, हेही त्याला कळत होतं.

तिनं कुंदुझच्या वहीबद्दल विचारलं. त्यानं सांगितलं की ती डाग पडलेली होती म्हणून तिकडेच ठेवली, तसंच सांगणं होतं. सोनुनबुबूनं मान हलवली, अगदी सावकाश, वर्गात एखाद्या पोरानं उत्तर चुकवल्यावर हलवावी तशी. मग ती म्हणाली की आपल्या घरात मुली बिघडत नाहीत असं आजवर वाटत होतं, पण बुरमाकानबाईंच्या नजरेला जास्त कळत असेल. आवाज अजिबात चढला नव्हता. कासिमालीनं चहा जीभ भाजेपर्यंत भराभर प्यायला आणि उठला.

परतीच्या वाटेवर त्यानं स्वतःची समजूत घातली. विहिणी म्हटल्या की असं चालायचंच. संध्याकाळी राजधानीतून पेरिझातचा फोन आला. सासूबाई रडत होत्या म्हणून तिनं सांगितलं, आणि आईनं असं कसं बोलावं म्हणून तीही रडायच्या बेतात होती. कासिमाली ठामपणे म्हणाला की आईचं काही चुकलेलं नाही, आणि आईच्या बोलण्याचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळत नाही.

बुधवारी दुपारी बुरमाकान आली. रुमालात बांधून माहेरचे बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणले होते. घर फार शांत वाटलं तेव्हा तिनं विचारलं, पोरी झोपल्यात का. कासिमाली म्हणाला, नाही. तिनं विचारलं, सांगितलेलं काम केलंत ना, पोचवल्यात ना लालगाल्या? तो म्हणाला, कालच पोचवल्या. ती समाधानानं तळघरात बोरसोक ठेवायला गेली आणि उलट्या पावली परत आली.

"अहो, पेट्या तर इथंच आहेत."

"कसल्या पेट्या?"

"मग काय पोचवलंत?"

"कुंदुझ आणि मेरिम," कासिमाली म्हणाला. "दुसरं काय पोचवणार?"

बुरमाकान उंबऱ्यावरच बसली. हातातला रुमाल तिनं मांडीवर ठेवला. मग एकेक विचारू लागली, आणि तो एकेक सांगू लागला. पुसल्या का? दोनदा. गादी घातली का? दुहेरी. आणि विहीणबाईंना काय सांगितलंत? तू सांगितलंस तेच, शब्दन् शब्द. बिघडायला लागल्यात, हेसुद्धा? ते तर आधी सांगितलं. बुरमाकाननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडतेय असं वाटून कासिमाली घाबरून जवळ गेला, तर तिचे खांदे हसण्यानं गदगदत होते. हसता हसता मधेच विहीण आठवली की ती "देवा, काय म्हटलं असेल त्या बाईनं" म्हणून थांबायची, आणि नवऱ्याचा चेहरा दिसला की पुन्हा सुरू व्हायची.

कासिमालीला मात्र हसू आलं नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तो चुकला होता, आणि ते मान्य करायला त्याची जीभ वळेना.

"लालगाल्या म्हटल्यावर मी काय समजायचं?" तो म्हणाला. "दोन दिवस पोरींना तेच म्हणत होतीस. सरळ एकदा तो शब्द बोलली असतीस तर? खिंडीत कोण ऐकत होतं?"

"तुम्ही ऐकत होता की."

"वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. ते स्वतः तुला म्हणाले होते, माझ्यानंतर खुशाल बोल."

"म्हणाले होते," बुरमाकान म्हणाली. हसू ओसरलं होतं. "एकदा मी घरात एकटी होते. ते गेल्यावर चाळिसावा दिवस झाला होता. बागेत जाऊन म्हणून बघावं म्हटलं. तोंडच उघडेना. रोज सकाळी ते विचारायचे ना, आज काय नाव ठेवलंस. मी तो शब्द बोलले तर मग उद्या सकाळी नवीन नाव कुणासाठी शोधू?"

 कासिमाली तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. म्हणाला की चूक त्याचीच, त्यानं विचारायला हवं होतं. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला बुरमाकान बत्तीस वर्षं थांबली होती, पण तिनं ते लावून धरलं नाही. तिनं फक्त सांगितलं की उद्या सकाळी आपण दोघं जाऊ, बोलायचं ते मी बोलेन, आणि तुम्ही पेट्या उचलायच्या.

गुरुवारी सकाळी पेट्या गाडीत चढल्या. वाटेत कासिमालीनं तीन वेळा विचारलं, काय बोलणार आहेस. ती तीन वेळा म्हणाली, गाडी चालवा. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ती विहिणीला ओळखत होती, आणि स्वतःच्या जिभेवर तिचा भरवसा होता.

सोनुनबुबूनं फाटक उघडलं. चेहरा परीक्षेच्या दिवशीचा. बुरमाकान पुढे होऊन बोलायला लागणार तोच विहिणीनं हात वर केला.

"आधी पेट्या आत आणा," ती म्हणाली.

कासिमालीनं दोन्ही पेट्या ओट्यावर आणून ठेवल्या. सोनुनबुबूनं चष्मा लावला, खाली बसून एक सफरचंद उचललं, उजेडात धरलं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि फडक्यानं पुसलं.

"हिला सर्दी नाही ना?" तिनं विचारलं.

बुरमाकान पेटीच्या दुसऱ्या बाजूला बसली. 

"आणि हिला वळण कुणी लावलंय? तुमच्याकडे की माझ्याकडे?" तिनं दुसरं उचललं. "ही जरा बिघडलेली वाटते. हिची वही कुठाय?"

एवढं बोलेपर्यंत तिनं चेहरा धरून ठेवला होता. मग तो सुटला, आणि दोघी विहिणी पेटीच्या दोन बाजूंना बसून अशा हसल्या की घरातून मुली धावत बाहेर आल्या. उलगडा मेरिमनं केला होता. आदल्या संध्याकाळी आजी रागानं भांडी आपटत असताना ती म्हणाली होती, तिकडची आजी मला पण लालगाली म्हणते आणि तळघरातल्यांना पण, आजोबांना कळत नाही. सोनुनबुबूनं तिला तीन वेळा तेच बोलायला लावलं, मग कासिमालीचा निरोप एकेक वाक्य घेऊन तपासला, आणि सगळं बरोबर जुळलं. तोवर एक रात्र मात्र तिची वाईट गेली होती, आणि तेही तिनं लपवलं नाही. ती म्हणाली की तुमच्यासाठी चांगलं लांबलचक भाषण तयार केलं होतं, ते आता फुकट गेलं. बुरमाकान म्हणाली, ऐकवा, मी ऐकून घेईन. आणि सोनुनबुबूनं खरोखरच ते चुलीजवळ बसून ऐकवलं, बोट वर करून, मुद्दे मोजत. बुरमाकाननं विद्यार्थिनीसारखं हात बांधून ऐकलं आणि शेवटी दोन ठिकाणी सुधारणा सुचवल्या.

मग सोनुनबुबू कासिमालीकडे वळली. म्हणाली, व्याहीबुवा, तुमची काही चूक नाही, निरोप तुम्ही चोख दिलात, असा शब्दाला पक्का माणूस मी बघितला नाही. कासिमालीला हे कौतुक आहे की टोमणा ते कळेना. त्यानं बुरमाकानकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहत होती.

शुक्रवारी सोनुनबुबूच्या नवऱ्याच्या आठवणीचं जेवण होतं, आणि पेट्या त्यासाठीच कबूल केलेल्या होत्या. तिनं दोघांना जाऊच दिलं नाही. गुरुवार दुपारपासून दोघी चुलीवर बोरसोक तळायला बसल्या, मुली पीठ मळायच्या नावाखाली पिठात खेळू लागल्या, आणि कासिमालीला लाकडं, पाणी, पाहुण्यांसाठी शेजारच्या घरांतून गाद्या अशी कामं लागली. एकदा बुरमाकान आतून म्हणाली, "अहो, त्या कोपऱ्यातल्या जाड्या बाईला इकडे आणा."

कासिमाली अंगणात उभा राहिला. कोपऱ्यात एक मोठं पातेलं होतं, पाण्याचं पिंप होतं, आणि भिंतीला टेकून उन्हात बसलेली शेजारची एक खरोखरच जाडी म्हातारीही होती. बत्तीस वर्षांत त्यानं जे केलं नव्हतं ते केलं. दारात जाऊन, डोकं आत घालून, हळू आवाजात विचारलं, "कोणती?"